पर्लाइट नाही मिळालं तर मागच्या परड्यात बघा

मातीशिवाय भाजी लावायची असं ठरवलं तेव्हा पहिले दोन दिवस मी दापोलीच्या बाजारात पर्लाइट, म्हणजे भाजून फुगवलेल्या दगडाचे पांढरे हलके दाणे, शोधत फिरलो. नेटवर बघितलेल्या प्रत्येक व्हिडिओत पर्लाइट, रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर), नाहीतर त्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या, आणि इथे खतांच्या दुकानात यातलं काही मिळेना, एका नर्सरीत तर मला विचारलं की ते खत आहे का औषध. घरी आलो, मागच्या दाराला हातपाय धुवायला गेलो आणि समोर काय, तर निसर्ग वादळात फुटलेल्या कौलांचा ढीग, न्हाणीच्या चुलीसाठी रचून ठेवलेली नारळाची सोडणं, आणि गिरणीतून आणलेलं भाताचं तूस. मला जे पाहिजे होतं ते जवळजवळ सगळं तिथेच पडलं होतं, फक्त कुठल्या वस्तूचं काय काम हे तोपर्यंत समजलं नव्हतं.

मातीशिवायच्या या शेतीत, म्हणजे हायड्रोपोनिक्समध्ये, झाडाला जेवण पाण्यातून मिळतं, पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून. त्यामुळे मुळांभोवती जे भरायचं त्याला माध्यम म्हणतात, त्याच्यात पोषण नसलं तरी चालतं. त्याने रोपाला उभं धरायचं, पाणी धरून ठेवायचं, आणि हवा खेळती ठेवायची, एवढंच. यातली हवाच लोक विसरतात. मुळं पण श्वास घेतात, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पट हळू पसरतो. त्यात आपल्याकडची गरमी. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या पडवीतली बादली ३० अंशावर सहज असते. म्हणजे थंड देशातल्या माणसाचं माध्यम थोडं जास्त ओलं राहिलं तर त्याचं निभावतं, आपल्याकडे मात्र मुळं काळी पडून कुजायला लागतात.

लहान पोकळ्या पाणी धरतात, समईच्या वातीत तेल चढतं त्याच कारणाने, आणि मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निथळून जातं नि तिथे हवा शिरते. चांगलं माध्यम म्हणजे दोन्ही पोकळ्यांचं बरोबर मिश्रण. हे एकदा डोक्यात बसलं की पर्लाइट शोधायची गरज राहत नाही, कुठलीही वस्तू हातात घेतली की अंदाज येतो. आणि ही काही आजची युक्ती नाही बरं का. शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रज माणसाने १९४६ च्या सुमारास कालिंपाँगला जे प्रयोग केले, ज्यांना पुढे हायड्रोपोनिक्सची बंगाल पद्धत म्हणायला लागले, त्यांचा सगळा भर हाच होता की महागडी यंत्रं नकोत, गावात मिळणारी वाळू-खडी घ्या आणि काम चालवा.

आता सोडणाबद्दल, कारण कोकणात पहिला हात तिकडेच जाणार. सोडणातून काथ्या काढला की जो तपकिरी भुसा उरतो तेच कोकोपीट. स्वतःच्या वजनाच्या आठपट पाणी सहज धरतो, हलका, स्वस्त, आपल्या मातीतला. पण माझी पहिली खेप यानेच घालवली. ओळखीतून एक पोतंभर भुसा मिळाला होता, तो तसाच डब्यात भरला, तांबडा माठ आणि पालक लावला, आणि पंधरा दिवसांत पालकाच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या, नवीन पानं वाकडी यायला लागली. मग एकाकडून टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, मागून आणला. आमच्या विहिरीचं पाणी ९० च्या आसपास दाखवतं आणि त्या भुशातून निथळलेलं पाणी १४०० च्या वर. सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून काढलेला भुसा होता तो, मीठच मीठ.

नुसतं मीठ धुतलं की झालं असं मला वाटलं, पण इथे थोडं रसायनशास्त्र आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. काथ्याच्या भुशावर ऋण भाराच्या जागा असतात, त्या जागांवर सोडियम आणि पोटॅशियमचे आयन (भार असलेले कण) चिकटून बसलेले असतात, आणि साध्या पाण्याने ते पूर्ण सुटत नाहीत. तुम्ही खताचं पाणी दिलंत की त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुसा स्वतःकडे ओढून घेतो आणि बदल्यात सोडियम-पोटॅशियम पाण्यात सोडतो. रोपाचं कॅल्शियम भुशानेच खाल्लं! कॅल्शियम जुन्या पानातून नव्या पानात जात नाही, म्हणून त्रास सगळ्यात आधी कोवळ्या पानांना दिसतो.

उपाय सोपा आहे. भुसा गोड्या पाण्यात भिजवायचा, पिळायचा, पाणी टाकून द्यायचं, असं चार-पाच वेळा, किंवा निथळलेलं पाणी चवीला खारट लागेनासं होईपर्यंत (मीटर असेल तर उत्तमच). पाणी चहासारखं तपकिरी निघतं त्याला घाबरू नका, ते टॅनिन. मग दहा लिटर पाण्यात साधारण वीस ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात भुसा रात्रभर ठेवायचा, म्हणजे त्या जागा आधीच कॅल्शियमने भरून जातात, आणि सकाळी परत एकदा धुवायचा. कॅल्शियम नायट्रेट कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं. पावसाळ्यात तर धुण्याचं काम आणखी सोपं, भुसा जाळीच्या पिशवीत भरून पागोळ्यांखाली टांगून ठेवा, जून-जुलैचा आपला पाऊस पंधरा दिवसांत मीठ काढून टाकतो, मग फक्त कॅल्शियमचं भिजवण उरतं.

सोडणाचे कोयतीने बोटाच्या पेराएवढे तुकडे केले तरी माध्यम होतं, त्यात हवा जास्त राहते, पाणी कमी. मी आता भुसा आणि तुकडे मिसळूनच वापरतो.

कौलं ही दुसरी चीज, आणि माझी सगळ्यात आवडती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात किती घरांची कौलं गेली ते वेगळं सांगायला नको, नंतर बऱ्याच जणांनी पत्रे घातले आणि फुटकी कौलं कुंपणाकडेला पडून राहिली. कौल म्हणजे भाजलेली चिकणमाती. त्या महागड्या मातीच्या गोळ्या पण भाजलेली चिकणमातीच, फक्त फुगवलेली आणि हलकी. कौल जड आहे पण सच्छिद्र आहे, कुजत नाही, रासायनिकदृष्ट्या शांत आहे. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची (डोळ्यांवर चष्मा पाहिजेच), चण्यापासून जांभळाच्या बीएवढे तुकडे ठेवायचे आणि बारीक भुकटी चाळून टाकायची, नाहीतर ती पोकळ्या बंद करते. रंग मारलेली किंवा डांबर लागलेली कौलं घेऊ नका.

तूस घेताना एक काळजी, कोंडा नको. कोंडा म्हणजे तांदळावरचा तेलकट थर, तो आंबतो आणि किडे पडतात. तूस वेगळं, त्याच्यात सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजतं. पण कोरडं तूस पाण्यावर तरंगतं आणि चुकून राहिलेले भाताचे दाणे उगवतात, म्हणून कढत पाण्यात भिजवून घ्या. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस जास्त चांगलं, पांढरी राख होऊ द्यायची नाही, कारण राखेने पाण्याचा पीएच, ज्याला शेतीवाले सामू म्हणतात, तो वर जातो आणि आपल्याला ५.५ ते ६.५ पाहिजे. करवंटीच्या कोळशाचं पण तसंच, चांगलं धुवून मग वापरा.

समुद्रावरच्या वाळूचा मात्र विचार सोडा. मीठ एकवेळ धुता येईल, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो कॅल्शियम कार्बोनेट, तो सामू सतत वर ढकलत राहतो आणि मग रोपाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. आणि किनाऱ्याची वाळू उचलायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपायच्या, नियमात मनाईही आहे. कुठल्याही खडीवर शंका आली तर थोडं व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर ती खडी नको. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, तुकड्यांना फेस येणार नाही, तरी मी ते वापरत नाही, कारण जांभ्यातली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं पाण्यातलं फॉस्फरस धरून ठेवतात. आपली कातळावरची माती फॉस्फरसला का भुकेली असते, त्याचं एक मोठं कारण हेच.

मिश्रण बरोबर जमलंय का हे मोजता येतं. खाली भोक असलेलं एक लिटरचं भांडं घ्या, भोकाला बोट किंवा चिकटपट्टी लावा, माध्यम भरून हळूहळू वरपर्यंत पाणी ओता, अर्धा तास मुरू द्या, लागलं तर परत काठोकाठ भरा. मग भोक उघडून निथळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी निघालं तेवढी हवेची जागा. दीडशे ते अडीचशे मिली निघालं तर मस्त. पन्नासच निघालं तर कौलाचे तुकडे वाढवा.

पहिल्यांदा करणाऱ्याने वातीची पद्धत करावी, मोटर नको की लाइट नको. हर्णै बंदरावर मासळीचे थर्माकोलचे खोके असतात, फुटका नसलेला एक मागून आणा, मीठ आणि वास जाईपर्यंत धुवा, आत काळं प्लास्टिक अंथरा. झाकणाला भोकं पाडून त्यात डबे बसवा, डब्याच्या बुडातून जुन्या सुती लुगड्याची पट्टी खाली पाण्यात सोडा. इथे नुसती कौलं चालणार नाहीत, त्यांच्या पोकळ्या मोठ्या, पाणी वर चढत नाही. दोन भाग भुसा, एक भाग कौल असं घ्या. खत म्हणून नुसतं १९:१९:१९ (नत्र, फॉस्फरस, पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) टाकू नका, त्यात कॅल्शियम नाही आणि अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, मातीतले जिवाणू नसल्यामुळे रोपाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. हायड्रोपोनिक्सचं म्हणून मिळतं तेच घ्या. खोका पडवीत ठेवा, पावसात ठेवलात तर खत वाहून जाईल, आणि एकही फट उघडी ठेवू नका, डासांना तेवढंच पुरतं.

माठ साधारण महिन्यात कापायला येतो. पीक संपलं की कौलं घासून, कढत पाण्यातून काढून, उन्हात वाळवून परत वापरायची, भुसा दोन-तीन खेपांनंतर दबून चिखलासारखा होतो, तेव्हा तो माडाच्या आळ्यात टाकायचा, जिथून आला तिथेच.