वास गिळणारा थर

गुऱ्हाळावरच्या काहिलीतून उठणारी वाफ रस्त्याने जाणाऱ्यालाही थांबवते. त्याच उसाच्या मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी कुजू लागलं, की मात्र आजूबाजूच्या वस्तीला दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. कोल्हापुरातल्या जयंती नाल्याकाठचा वासही त्याच जातीचा. सडक्या अंड्यासारखा हा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे दोन-चार भाग असले, तरी नाकाला तो कळतो.

झाकलेल्या टाकीतली किंवा पंपघरातली अशी हवा पंख्याने ओढून ओलसर थरातून सोडली, तर तिथल्या कणांवर वाढलेले जिवाणू तो वायू खाऊन टाकतात. हाच बायोफिल्टर. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय यांनी १९५७ मध्ये याचं पेटंट घेतलं, तेव्हा थर मातीचा होता. जिवाणूंना घर कशाचं द्यायचं, हा प्रश्न तेव्हापासून चालत आला आहे.

हवेचा थरात साधारण अर्धा मिनिट मुक्काम हवा. तासाला ३,६०० घनमीटर हवा साफ करायची म्हणजे सेकंदाला १ घनमीटर, म्हणजेच ३० घनमीटर भरण, थरात भरायचा माल. थर मीटरभर जाडीचा धरला, तर जागा ३० चौरस मीटर लागते. एवढ्या ढिगातून हवा सगळीकडून सारखी जायला हवी आणि ढीग खाली बसता कामा नये. माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच.

आपल्याकडे पटकन सुचतं ते चिपाड. स्वस्त, हलकं, पाणी धरणारं. पण काही आठवडे ओलं राहिलेलं चिपाड मुठीत घेऊन आवळून बघा. बोटांच्या फटींतून पाणी गळतं आणि मूठ उघडली तरी गोळा तसाच राहतो. थरात असं झालं की हवा भिंतीकडेची एखादी फट शोधते आणि वासासकट बाहेर पडते. नारळाच्या सोडणाचे तुकडे तसेच आवळा. मूठ सैल होताच ते पुन्हा फुलतात. सोडणात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर असतं, ते जिवाणूंना सहज पचत नाही. आणि घाट उतरला की कोकण आहेच. सोडणात थोडं चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळलं, की जिवाणूंचं विरजण आणि खाणं दोन्ही मिळतं.

पुढची अडचण आम्लाची. १ किलो हायड्रोजन सल्फाइड पचवताना जिवाणू सुमारे २.९ किलो सल्फ्युरिक आम्ल तयार करतात. गंधक खाणारे त्यात तगतात, पण बाकीचे वास पचवणारे मरतात. चुनखडीचे खडे घातले तर आम्ल मरतं, पण त्यातून तयार होणारं जिप्सम थराची भोकं बुजवतं. म्हणून चुनखडी बेतानेच घालावी आणि थर मधूनमधून पाण्याने धुवावा. वायू फार असेल तिथे न कुजणारं, दगडाचं किंवा प्लास्टिकचं भरण आणि वरून सतत झिरपणारं पाणी, हेच बरं.

पन्हाळ्याकडचा सच्छिद्र जांभा मला इथे खुणावतो. त्यातलं लोह हायड्रोजन सल्फाइडला धरूनही ठेवतं. मात्र दगडात खाणं नसतं, नत्र-स्फुरद बाहेरून द्यावं लागतं. शिवाय आम्लात तो किती टिकतो, हे आधी एखाद्या पाइपात भरून तपासायला हवं.

भरण कोणतंही असो, थराच्या खाली आणि वर जोडलेली पाण्याची यू आकाराची पारदर्शक नळी लावावीच. तिच्या दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक थर हवेला किती अडवतो ते दाखवतो. पहिल्या दिवशी तो खडूने भिंतीवर मांडून ठेवावा. पंखा तसाच चालू असताना तो वाढत गेला, तर थर बसत चाललाय. अचानक घटला, तर कुठेतरी फट पडलीय.