गिगाहर्ट्‌झ जास्त म्हणजे संगणक वेगवान? नाही!

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात मुलांसाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला की घरातले काका-मामा हमखास विचारतात, ‘गिगाहर्ट्‌झ किती आहे?’ आकडा मोठा तो वेगवान, हा समज वीस वर्षांपूर्वीच मोडीत निघाला आहे.

तो आकडा एवढंच सांगतो की प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला किती अब्ज ठोके देतं. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यातून कळत नाही. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोचला. ४ गिगाहर्ट्‌झचा बेत कंपनीने सोडून दिला. ठोके वाढवावेत तर उष्णता आवरेना. इंटेलच्याच २००६ च्या कोअर २ डुओ प्रोसेसरने कमी ठोक्यांत पेंटियम ४ ला मागे टाकलं.

खरा खोळंबा मेमरीपाशी होतो. मुख्य मेमरीतून, म्हणजे रॅममधून, माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात ३०० ठोके होऊन जातात! संगणक-रचनेत पीएचडी करणारे अनेक जण याच खोळंब्याशी झुंजत असतात: कॅशमध्ये (प्रोसेसरमधल्याच छोट्या, वेगवान मेमरीत) काय ठेवायचं, पुढे काय लागेल ते आधीच कसं ओळखायचं. चिप घडण्याच्या कितीतरी आधी त्यांची कल्पना सिम्युलेटरवर, म्हणजे चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तपासली जाते. हे कष्ट दुकानातल्या पाटीवर कधीच दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

गिगाहर्ट्‌झची तुलना करायचीच तर एकाच पिढीच्या, एकाच रचनेच्या प्रोसेसरांत करा. एरवी कॅश आणि रॅम किती, ते विचारा.