नुकसानभरपाई दावे, महासाथकाळातील (ग्रामीण विदर्भ)

कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२२) कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ खाली विदर्भाच्या ग्रामीण भागात चाललेली दावेवकिली. कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली; पुढील तरतुदी साथकाळात होत्या तशा दिल्या आहेत. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ आला, तरी वकिलांच्या बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.

शेतमजूर या कायद्यात सरसकट येत नसे. दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या कामांच्या यादीत, कीटकनाशकांची फवारणी, यांत्रिक मळणी अशी मोजकीच शेतीकामे होती. यवतमाळमधील २०१७ च्या फवारणी-विषबाधेनंतर या नोंदींचे मोल वाढले. जिनिंगमधील (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतील) अपघातांचे दावे नेहमीच्या वाटेने जात.

साथीत मुख्य वाद उभा राहिला तो संसर्गाच्या स्वरूपाचा. संसर्ग हा ‘अपघात’ मानावा की ‘व्यवसायजन्य रोग’? तिसऱ्या अनुसूचीच्या (व्यवसायजन्य रोगांच्या यादीच्या) ‘अ’ भागात, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामात जडलेले सांसर्गिक रोग येतात. आरोग्यसेवा व प्रयोगशाळेतील काम तेथे नावानिशी आहे. शेवटी ‘विशेष धोक्याचे इतर काम’ असे मोघम कलम आहे. ‘अ’ भागात बसणाऱ्याला रोग कामातूनच जडला हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. उलट सिद्ध करण्याचा भार मालकावर जातो. ‘ब’ भागातील सहा महिन्यांच्या सलग नोकरीची अटही येथे नाही. म्हणून ग्रामीण रुग्णालयातील कंत्राटी सफाई कामगाराची बाजू भक्कम ठरते. जिनिंगमधील हमाल किंवा मालट्रकचा चालक यांचे काय? एक मत त्यांना मोघम कलमात बसवते. दुसरे मत कलम ३(४) कडे बोट दाखवते : अनुसूचीबाहेरचा रोग विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवलेला नसेल, तर भरपाई नाही. शब्दरचना पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पण मालकाने कामगारांना एकाच खोलीत ठेवले असेल, तर पहिले अगदीच टाकाऊ नाही. आशा स्वयंसेविका मानधनावर असल्याने त्यांचे कर्मचारीपणच वादग्रस्त. त्यांच्यासाठी मार्च २०२० मध्ये जाहीर झालेले ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण हा निराळा मार्ग होता.

दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. थकलेल्या भरपाईवर मालकाने द्यायचे १२ टक्के व्याज मात्र टाळेबंदीने थांबले नाही. भरपाईसाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून ८,००० वरून १५,००० रुपये झाल्याने अपघाताची तारीख निर्णायक ठरे. मर्यादेइतके वेतन असलेल्या तीस वर्षांच्या मृत कामगारामागे (वयानुसार ठरलेला गुणक २०७.९८) भरपाई ८,३१,९२० वरून १५,५९,८५० रुपयांवर जाई.

गावी परतलेल्यांना कलम २१ उपयोगी पडले : अपघात परप्रांतात झाला तरी अर्जदार राहतो तेथील भरपाई आयुक्तांकडे (या दाव्यांचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येई. नोकरीचा पुरावा असलेली मस्टर, हजेरीचिठ्ठी मात्र ठेकेदाराकडे राहिलेली असे, आणि ठेकेदाराचा फोन बंद.