एचआयव्हीची टेस्ट: सही घेऊन रक्त काढायची पद्धत एवढ्या उशिरा का आली

आज सिव्हिलच्या (सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या) आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलं की समुपदेशक आधी बोलतात, मग सही घेऊन रक्त काढतात, रिपोर्ट देताना परत बसवून समजावतात आणि पैसे काही लागत नाहीत. हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १९८५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्या एलायझा किटला (रक्तातल्या एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट) परवानगी मिळाली ती रक्तपेढीतल्या पिशव्या तपासायला. पिशवीला कोण विचारणार? तीच टेस्ट पुढे माणसांना लावली गेली तेव्हा विचारायची पद्धत तिच्यासोबत आलीच नाही, आणि माझ्या मते पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे १९८६ मध्ये पहिले पॉझिटिव्ह नमुने चेन्नईत सापडले, तेही सुधारगृहात ठेवलेल्या सेक्स वर्कर बायकांचे. त्यातली एकही बाई स्वतःहून टेस्ट मागायला गेली नव्हती.

मग गोवा. तिथे सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात दुरुस्ती करून एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाला वेगळं ठेवायची तरतूद केली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत एका तरुणाला पोलीस घेऊन गेले, त्याला कारणसुद्धा धड सांगितलं नाही. तो नियमित रक्तदान करायचा, आणि त्याने दिलेलं रक्त तपासणीत पॉझिटिव्ह निघालं होतं. म्हणजे चांगलं काम करायला गेला आणि त्यातूनच पकडला गेला! म्हापशात टीबीच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये त्याला ६४ दिवस एकटं ठेवलं, बाहेर पहारा. आई हायकोर्टात गेली, गावातले लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले, शेवटी कोर्टाच्या आदेशाने तो घरी आला. खटला चालू असतानाच सरकारने कायदा थोडा सैल केला, आधी वेगळं ठेवणं सक्तीचं होतं ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आलं.

पण अंतिम निकालात हायकोर्टाने ती तरतूद वैध ठरवली. एका माणसाचा हक्क आणि समाजाचं हित यांत टक्कर झाली तर समाजाचं हित वरचढ, असा तो युक्तिवाद. अशाने लोक लपतील, टेस्टला येणारच नाहीत, हा मुद्दा मांडला गेला होता, त्यावर कोर्टाचं म्हणणं साधारण असं की हा धोरणाचा प्रश्न आहे, तो तज्ज्ञांनी आणि सरकारने ठरवायचा. मला हा निकाल चुकीचाच वाटतो, कारण एचआयव्ही हवेतून पसरत नाही, शेजारी बसून होत नाही, एकत्र जेवून होत नाही, आणि हे १९८९ मध्येही माहीत होतं. मग कोंडून कोणाला वाचवलं? तो तरुण १९९२ मध्ये गेला, पण त्याआधी त्याने पॉझिटिव्ह लोकांसाठी संस्था उभी केली, ती गोव्यात पुढे चालू राहिली.

१९९७ मध्ये त्याच हायकोर्टाचा सूर बराच बदलला. एका सार्वजनिक कंपनीतल्या हंगामी कामगाराला नोकरीच्या मेडिकलमध्ये पॉझिटिव्ह आला म्हणून काढलं होतं, कोर्टाने त्याला परत घ्यायला लावलं, शिवाय नाव गुप्त ठेवून खटला चालवू दिला. लगेच १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र पॉझिटिव्ह माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित होतो असं म्हटलं. ते प्रकरणही नातेवाइकासाठी दिलेल्या रक्तातूनच निघालं होतं, हॉस्पिटलमधून बातमी बाहेर गेली आणि ठरलेलं लग्न मोडलं. २००२ मध्ये मोठ्या खंडपीठाने सांगितलं की लग्नाच्या हक्काबद्दल बोलायची त्या खटल्यात गरजच नव्हती.

याच्या आधीही लैंगिक आजारासाठी रक्त तपासत होते, ते सिफिलिससाठी. पहिली टेस्ट १९०६ ची, बर्लिनमधली, आणि आपण अजून करतो ती व्हीडीआरएल १९४६ ची. ती सिफिलिसच्या जंतूविरुद्धची अँटिबॉडी थेट शोधत नाही, म्हणून गरोदरपणात, मलेरियात, कुष्ठरोगात किंवा ल्युपससारख्या आजारातही (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते आणि टीपीएचए, म्हणजे थेट सिफिलिसच्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट, करून खात्री करावी लागते. तिथे किमान १९४३ पासून पेनिसिलिन तरी होतं. एचआयव्हीत बरीच वर्षं रिपोर्टनंतर हातात द्यायला काहीच नव्हतं, सरकारी दवाखान्यात फुकट एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवरणारी औषधं, २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. तोपर्यंत टेस्ट करून मिळायचं काय, तर नोकरी जायची नाहीतर गाव टाकायचं, लोक का टाळत होते ते यातच आलं.

एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७ चा केंद्राचा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आता माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय टेस्ट नाही, रिपोर्ट गुप्त, आणि नोकरी किंवा उपचार देण्यासाठी टेस्टची अट घालता येत नाही. रक्तपेढीत दान केलेल्या रक्ताची तपासणी याला अपवाद आहे आणि तो हवाच, पण दात्याच्या फॉर्मवर आता रिपोर्टमध्ये काही निघालं तर कळवायचं का, हा प्रश्न असतो.

लग्नाआधी टेस्ट सक्तीची करा ही मागणी मात्र परत परत येते, गोव्यात २००६ मध्ये सरकारनेच तशी घोषणा केली होती. आईबापांची काळजी मी समजू शकते, पण लागण झाल्यावर काही आठवडे टेस्ट निगेटिव्हच येऊ शकते, तो विंडो पिरियड, आणि लग्नानंतर होणारी लागण तर लग्नाआधीच्या कागदावर दिसणारच नाही. दोघांना स्वतःहून करायची असेल तर आयसीटीसी आहेच, सोबत जाता येतं.