टेक्सासमध्ये वेगाचं तिकीट मिळालं? दंड भरण्याआधी हे वाचा

तिकीट हातात पडलं की ऑनलाइन दंड भरून मोकळं व्हायची घाई होते. टेक्सासमध्ये ती घाई करू नका. दंड भरला म्हणजे कोर्टाच्या लेखी तुम्ही दोषी ठरलात. ती नोंद ड्रायव्हिंग रेकॉर्डवर जाते, विमा कंपनीला दिसते आणि कोर्स करून तिकीट रद्द करून घेण्याची वाट बंद होते.

हा कोर्स म्हणजे आपण सगळे ज्याला डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग म्हणतो तो. सहा तासांचा असतो, घरबसल्या ऑनलाइनही होतो. मात्र आधी कोर्टाची परवानगी घ्यायची आणि मगच कोर्सला नाव घालायचं. बरेच जण नेमका हा क्रम उलटा करतात.

कोणतं कोर्ट, ते तिकिटावर छापलेलं असतं. शहर पोलिसांचं तिकीट सहसा म्युनिसिपल कोर्टात जातं, शेरीफच्या डेप्युटीचं किंवा स्टेट ट्रूपरचं जेपी (जस्टिस ऑफ द पीस) कोर्टात. हजर राहण्याची तारीखही तिथेच असते. त्या तारखेपर्यंत 'गिल्टी' किंवा 'नो कॉन्टेस्ट' असा जबाब देऊन कोर्सची परवानगी मागायची. नो कॉन्टेस्ट म्हणजे आरोप कबूल करत नाही, पण लढतही नाही. विनंती समक्ष जाऊन करता येते किंवा सर्टिफाइड मेलने पाठवता येते. सोबत लायसन्सची प्रत, गाडीच्या चालू विम्याचा पुरावा आणि कोर्टाची फी लागते. फी कोर्टागणिक बदलते, म्हणून क्लार्कला फोन करून आकडा विचारून घ्या.

लायसन्स टेक्सासचंच हवं. सैन्यात कार्यरत असलेल्यांना यातून सूट आहे. एच-१बीवर असलेल्यांना व्हिसाच्या मुदतीपुरतं मिळतं तेही टेक्सासचंच लायसन्स, त्यामुळे त्याची काळजी नको. पण न्यू जर्सीहून डॅलसला येऊन जुन्याच लायसन्सवर गाडी चालवत असाल, तर हा हक्क मिळत नाही. नव्याने आलेल्यांनी लायसन्स बदलून घेणं लांबणीवर टाकू नये, असं मी कळकळीने सांगते.

तिकिटाच्या आधीच्या १२ महिन्यांत तिकिटासाठी हा कोर्स केलेला नसावा. वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त असेल, तर हक्क जातो: ६५च्या रस्त्यावर ८९ असेल तर मिळतो, ९० झाला की नाही. मर्यादा कितीही असो, ९५ किंवा त्यापुढे मुळीच नाही. पश्चिम टेक्सासच्या ७५-८०च्या रस्त्यांवर हे पटकन लक्षात येत नाही. कामगार हजर असताना बांधकामाच्या पट्ट्यात झालेला गुन्हा, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडणं आणि कमर्शियल लायसन्सधारक यांनाही ही सवलत नाही. तारीख चुकली किंवा १२ महिने भरले नसतील, तर निकाल लागण्याआधी न्यायाधीशांकडे लेखी अर्ज करता येतो. तेव्हा मंजुरी मात्र त्यांच्या मर्जीवर असते.

परवानगी मिळाली की ९० दिवस हातात असतात. तेवढ्यात कोर्स संपवणं पुरेसं नाही, तीन कागद कोर्टात पोचायला हवेत: कोर्सच्या प्रमाणपत्राची कोर्टासाठीची प्रत, डीपीएसकडून (राज्याचं लायसन्स देणारं खातं) टाइप ३ए ड्रायव्हिंग रेकॉर्ड आणि गेल्या १२ महिन्यांत असा दुसरा कोर्स केला नसल्याचं शपथपत्र. रेकॉर्ड मागवताना ‘३ए’ हाच प्रकार निवडा. काही कोर्टं फी घेऊन ते स्वतःच मागवतात. कोर्स राज्याच्या टीडीएलआर खात्याने मान्य केलेला आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासा. कागद वेळेत पोचले नाहीत, तर कोर्ट कारण विचारायला बोलावतं. प्रमाणपत्राची विम्यासाठीची वेगळी प्रत असते, ती एजंटला पाठवा. हप्त्यात सूट मिळू शकते.