प्लगचं पाप, कॉइलच्या माथी

सपाट रस्त्यावर गाडी मख्खनसारखी चालायची. चढ लागला, ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला, की उचकी लागल्यासारखे झटके. सहा सिलिंडरच्या, चौदा वर्षं जुन्या माझ्या एसयूव्हीने हे दुखणं काढलं तेव्हा स्कॅनरवर कोड आला पी०३०५, म्हणजे पाचव्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल वेळेवर पेटत नाही. (शेवटचा आकडा सिलिंडरचा नंबर सांगतो, तिथे शून्य असेल तर मिसफायर कुठल्या एका सिलिंडरला चिकटलेला नाही असं समजायचं.) पाचव्याची कॉइल, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग, बदलली, गाडी सुधारली. चार महिन्यांनी पुन्हा तोच कोड आणि तसाच चढ. नवी कोरी कॉइल इतक्यात कशी गेली, हे काही केल्या पटेना.

कॉइलच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, शे-दोनशे वेढ्यांची. दुसरी केसाहून बारीक तारेची, तिला सुमारे शंभर पट वेढे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये लोखंडी कडीवर अशाच दोन गुंडाळ्या घातल्या होत्या आणि त्यांना एक गंमत दिसली. पहिल्या गुंडाळीला बॅटरी जोडताना आणि काढताना, तेवढ्या क्षणापुरता, दुसरीत प्रवाह येतो. मधल्या वेळात काही नाही. गाडीची कॉइल यातल्या काढण्याच्या क्षणावर जगते. जाड गुंडाळीतून दोन-चार मिलिसेकंद काही अँपिअर प्रवाह वाहतो, गाभा चुंबक होतो, मग ट्रान्झिस्टर प्रवाह खाडकन तोडतो. चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक गुंडाळीच्या टोकाला वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात. या सगळ्या गाजावाजातून ठिणगीला मिळणारी ऊर्जा असते जेमतेम ५० मिलिज्यूलच्या आसपास, पाच ग्रॅमचं नाणं मीटरभर उचलायला लागते तेवढी. पेट्रोलच्या वाफेला तेवढी पुरते.

आता जी गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली ती. कॉइल दर वेळी ठरावीक व्होल्टेज देत नाही. व्होल्टेज शून्यापासून चढत जातं आणि प्लगच्या दोन धातूच्या टोकांमधल्या (इलेक्ट्रोडमधल्या) फटीतला वायू ज्या व्होल्टेजला फुटेल तिथे थांबतं. दहा हजारांत ठिणगी पडली तर दहा हजारच. किती लागणार हे प्लग ठरवतो. कॉइल बिचारी मागेल तेवढं पुरवते, पुरवता येईल तोवर.

प्लगची मागणी दोन गोष्टींवर ठरते: फट किती रुंद आणि तिच्यातला वायू किती दाट. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हे मोजून दाखवलं. उघड्या हवेत मिलिमीटरभर फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबलेलं मिश्रण कितीतरी दाट, त्यामुळे तिथे त्याच फटीला त्याच्या काही पट व्होल्टेज लागतं. गाडी उभी असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, आत हवा थोडीच जाते, मागणीही कमी. चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने ठासून भरतो आणि मागणी एकदम वर जाते. म्हणून आजारी गाडी गॅरेजच्या दारात उभी असताना गुणी बाळासारखी वागते.

फट मात्र मूळची तेवढी राहत नाही. तीन हजार आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो, तासाला ९० हजार. प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर अंश उडवून नेते. शिवाय इलेक्ट्रोडच्या धारदार कडा गोल होतात, आणि विद्युतक्षेत्र टोकाशी एकवटतं, गोलाईवर पसरतं. म्हणजे फट वाढते आणि उडीही अवघड होते. साधा निकेलचा प्लग ३० ते ५० हजार किलोमीटरमध्ये थकतो. इरिडियम २४४६ अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल १४५५ ला. म्हणून इरिडियमचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक ठेवूनही ते लाखभर किलोमीटर टिकतं. बारीक टोकाला व्होल्टेज कमी लागतं, हा वरचा फायदा.

पण लाखभर म्हणजे कायमचं नव्हे. माझ्या गाडीत नेमका तोच घोळ होता. इंजिन आडवं बसवलेल्या व्ही-६ गाड्यांत तीन प्लग पुढे, हाताशी असतात. मागचे तीन केबिनच्या भिंतीकडे, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याच्या) खाली दडलेले. पाचव्याची कॉइल हात वाकडातिकडा करून निघते, तिच्याखालच्या प्लगवर लांब पाना सरळ बसायला मात्र जागा नाही. त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. पुढचे तीन वेळच्या वेळी बदलले गेले होते आणि मागच्या तिघांना कारखाना सोडल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

मॅनिफोल्ड काढला, मोकळ्या झालेल्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली (एखादा नट आत पडला तर संपलंच), प्लगच्या विहिरीत दाबाची हवा मारून कचरा उडवला आणि थंड इंजिनावरच प्लग सोडवले. प्लग ज्यात बसतात ते हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं. तापलेलं असताना जोर लावला तर आटे प्लगसोबत बाहेर यायची भीती.

तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर मांडले. टोकं फिकट तपकिरी, म्हणजे ज्वलन ठीक. काळी कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय असं म्हटलं असतं, तेलकट ओलं असतं तर ऑइल. धातूच्या नटाच्या वर पांढऱ्या सिरॅमिकवर तपकिरी वलय होतं. त्याला बरेच जण गॅसगळती समजतात, पण उच्च व्होल्टेजच्या क्षेत्राने खेचलेल्या तेलाच्या बारीक कणांचा तो डाग असतो, निरुपद्रवी. मग फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, घेतला. फट असायला हवी होती १.१ मिलिमीटर. मोजली तर १.५, १.५ आणि पाचव्याची १.६. ढोबळमानाने जवळपास दीडपट व्होल्टेजची मागणी, तीही रोज.

पाचव्या प्लगच्या सिरॅमिकवर आणखी एक गोष्ट होती: पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, वरपासून धातूपर्यंत. कॉइलच्या रबरी बुटात (प्लगच्या डोक्यावर बसणाऱ्या टोपणात) आतून तिचीच जुळी रेघ. फट ओलांडणं महाग पडलं तेव्हा विजेने बाहेरून, सिरॅमिकच्या अंगावरून हेडकडे पळवाट काढली होती. एकदा गेली की वाटेत कार्बन उरतो, कार्बन वीज वाहून नेतो, पुढच्या वेळी तीच वाट आणखी सोपी. नवी कॉइल आली ती नवा बूट घेऊन, पण खाली रेघ पडलेला जुनाच प्लग. चार महिन्यांत नव्या बुटालाही तीच रेघ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचे पैसे मी दिले होते.

कॉइल खरोखरच मरत नाहीत असं नाही. इंजिनच्या उष्णतेने आतलं इपॉक्सी तडकतं, बारीक तारेचं आवरण फुटतं, वेढे आपसात जुळतात. थकलेला प्लग हा ताण वाढवतो, इतकंच. दोष कुणाचा हे ओळखायला पुढच्या बाजूला सोपी युक्ती आहे: शंका असलेली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. कोडचा आकडा तिच्यामागून गेला तर कॉइल गुन्हेगार. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघा. फक्त चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना हे प्रयोग रस्त्यावर करत बसू नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि त्याची जाळी वितळवू शकतं.

नवे प्लग बसवताना रबरी नळीच्या तुकड्यात प्लगचं डोकं अडकवून बोटांनीच फिरवले. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, पान्याला मात्र ते कळत नाही. शेवटी टॉर्क रेंच (किती जोर लावला ते दाखवणारा पाना), कंपनीने सांगितलेल्या आकड्याला. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) फासायचा मोह मी आवरला. मुलामा दिलेल्या आट्यांना ते नको असं बरेच प्लग बनवणारे सांगतात, कारण घर्षण कमी झालं की रेंच तोच आकडा दाखवतो आणि प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. मुलामा पाहण्यात माझी नजर जेवढी गेली त्याच्या निम्मीही मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर गेली नव्हती. ती जुनीच लावायला निघालो होतो, ऐनवेळी नवी आणली.

मागच्या तिन्ही कॉइलही नव्या घातल्या. पुढच्या बाजूला मी हे केलं नसतं, तिथे बिघडेल ती एकच बदलावी. मागे मात्र सगळा खर्च पोहोचण्याचा आहे. आणि ज्या पहिल्या कॉइलला निकामी ठरवून काढलं होतं, ती खोक्यात पडून होती. तिला सुटा मिळणारा नवा बूट घातला आणि पुढे २ नंबरवर लावून पाहिली, चुकलो तर दहा मिनिटांत काढता येईल म्हणून. सहा महिने झाले, तिथेच आहे. चढावरही कोड आलेला नाही.