बूम फवारणी यंत्र

ट्रॅक्टरमागच्या आडव्या दांड्यावर ठरावीक अंतराने नोझल (फवारा सोडणारी तोंडे) बसवून एकाच फेरीत रुंद पट्ट्यावर औषध फवारणारे यंत्र. या आडव्या दांड्याला बूम म्हणतात. मधला भाग ट्रॅक्टरच्या तीन जोडांवर बसतो आणि दोन्ही बाजूंचे पंख रस्त्याने जाताना दुमडून ठेवता येतात. मराठवाड्यात सोयाबीन, हरभरा आणि तुरीच्या मोठ्या रानांत याचा वापर होतो. पेरणीनंतर तण उगवण्याआधी तणनाशक मारायला दोन-तीनच दिवस मिळतात आणि नेमके तेव्हा मजूर मिळत नाहीत. अशा वेळी पाठीवरच्या पंपापेक्षा बूम कितीतरी पटीने वेगाने रान उरकतो.

पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा पंप टाकीतले द्रावण गाळणीतून ओढतो आणि दाब नियंत्रकाकडे ढकलतो. तिथून लागेल तेवढे द्रावण बूमच्या नळ्यांत जाते. उरलेले परतीच्या नळीने टाकीत येते व औषध ढवळत ठेवते. आपल्याकडे बहुतेकदा एचटीपी (उच्च दाबाचा पिस्टन) पंपच बूमला जोडतात. हा पंप मुळात गनने फळझाडांवर जोराने मारण्यासाठी आहे, त्यामुळे त्याचा दाब बूमच्या गरजेपेक्षा बराच जास्त असतो. चपटा फवारा देणाऱ्या नोझलला साधारण २ ते ४ बार (बार हे दाबाचे एकक) दाब पुरतो. दाब वाढवला की धुके दाट दिसते आणि औषध छान बसतेय असे वाटते. प्रत्यक्षात थेंब फार बारीक होऊन वाऱ्यावर जातात. शिवाय दाब वाढवून पाणी फारसे वाढतही नाही, कारण प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट करावा लागतो. पाणी कमी-जास्त हवे असेल तर नोझलच बदलावे.

नोझलचा आकार रंगावरून ओळखतात. ३ बार दाबाला पिवळे मिनिटाला सुमारे ०.८ लिटर, निळे १.२ आणि लाल १.६ लिटर सोडते. हेक्टरी पाणी काढायचे तर एका नोझलच्या मिनिटाच्या लिटरला ६०० ने गुणून वेग (ताशी किमी) आणि नोझलमधले अंतर (मीटर) यांच्या गुणाकाराने भागावे. लाल नोझल, ताशी ४ किमी वेग आणि ५० सेंमी अंतर घेतले तर हेक्टरी ४८० लिटर, म्हणजे एकरी सुमारे १९४ लिटर होतात. तेच यंत्र ताशी ६ किमीने पळवले तर एकरी १३० लिटरच पडतात. टाकीतले मिश्रण तेच राहिल्याने औषधाची मात्राही एक तृतीयांशाने घटते. म्हणून वेग मीटरवर वाचण्यापेक्षा रानातच मोजावा: टाकी अर्धी भरून, फवारणीच्याच गिअरमध्ये ५० मीटर अंतर ४५ सेकंदांत कापले तर वेग ताशी ४ किमी.

सगळ्यात जास्त हलगर्जी उंचीच्या बाबतीत होते. ११० अंशांचे चपटे नोझल ५० सेंमी उंचीवरून सुमारे १.४ मीटर रुंद फवारा देते. नोझल एकमेकांपासून ५० सेंमीवर असल्याने प्रत्येक जागेवर दोन-तीन नोझलचे पाणी पडते आणि पट्टा एकसारखा भिजतो. ८० अंशांच्या नोझलला हीच उंची सुमारे ७५ सेंमी लागते. उंची मोजायची ती ज्यावर औषध बसायला हवे तिथून: उगवणीपूर्व तणनाशकासाठी मातीपासून, उभ्या पिकात शेंड्यापासून. जुलैत वीतभर असलेले सोयाबीन सप्टेंबरपर्यंत गुडघ्याच्या वर येते, तरी बूम मात्र अनेकदा उंची ठरवणाऱ्या जुलैच्याच भोकात अडकवलेला दिसतो. बूम खाली राहिला की पिकात न भिजलेले पट्टे पडतात. तणनाशकाच्या बाबतीत ते आठवड्याभरात डोळ्यांना दिसतात, अळीच्या औषधाच्या बाबतीत दिसत नाहीत, आणि तेच जास्त महागात पडते.

काळ्या जमिनीत ही उंची टिकवणे अवघड जाते. समजा चाकांतले अंतर दीड मीटर आहे आणि एक चाक १० सेंमी खाली गेले. ताठ बसवलेल्या १२ मीटर बूमचे त्या बाजूचे टोक सुमारे ४५ सेंमी खाली येते, म्हणजे जवळजवळ पिकालाच टेकते, आणि दुसरे टोक ३५ सेंमी वर जाते. चांगल्या बूममध्ये मधली चौकट लोलकासारखी टांगलेली असते, तिला स्प्रिंग आणि धक्काशोषक असतात. ट्रॅक्टर डुलला तरी बूम फार हलत नाही. साध्या, स्वस्त बूममध्ये हे नसते. तिथे वेग कमी ठेवणे आणि दोन्ही चाकांत सारखी हवा राखणे एवढेच हाती उरते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेल्या रुंद वरंबा सरी पद्धतीत पेरणी केली असेल तर चाके सरीतून जातात. पीकही तुडवले जात नाही आणि बूमही बराच स्थिर राहतो.

हंगामापूर्वी बूम सपाट जागी उघडून पाहावा. दोन्ही टोके जमिनीपासून सारख्या उंचीवर हवीत. सांध्यांच्या पिना व बुश झिजल्या की टोके पुढेमागे झुलतात आणि झुलण्याच्या प्रत्येक टप्प्यात कुठे दुप्पट, कुठे निम्मे औषध पडते. नोझलच्या फटी बूमच्या रेषेशी थोड्या तिरक्या, ५ ते १० अंशांत ठेवाव्यात, म्हणजे शेजारचे फवारे एकमेकांवर आदळत नाहीत. दाब पंपाजवळच्या दाबमापक घड्याळावर पाहून न थांबता टोकाच्या नोझललाही तपासावा. मग साध्या पाण्याने यंत्र सुरू करून प्रत्येक नोझलखाली मिनिटभर मापपात्र धरावे. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी सोडणारे नोझल झिजलेले समजून बदलावे. बरीच नोझल झिजलेली आढळली तर संपूर्ण संचच बदलणे बरे, कारण नवी-जुनी मिसळली की पट्टा पुन्हा असमान होतो.

बोअरच्या जड पाण्याने गाळणीत आणि नोझलमध्ये क्षार बसतात. ते जुन्या टूथब्रशने काढावेत. तारेने किंवा टाचणीने खरवडले की फट बिघडते. तोंडाने फुंकणे तर जिवाशी खेळ आहे.

ऊस किंवा ज्वारीत टू-फोर-डी मारून तोच बूम कापसात नेणे फार धोक्याचे आहे. कापूस या तणनाशकाला कमालीचा संवेदनशील असून अगदी थोड्या अंशाने त्याची नवी पाने अरुंद, भेंडीच्या पानासारखी फाटलेली येतात आणि पाते गळते. टाकी धुतली तरी बूमच्या बंद टोकांत द्रावण साचून राहते. त्यासाठी टोकांची बुचे काढून, नोझल व गाळण्या सुट्या करून, सर्व नळ्यांतून तीनदा स्वच्छ पाणी सोडावे. हे पाणी विहिरीजवळ वा ओढ्यात जाऊ देऊ नये. शेजारच्या रानात कापूस असेल आणि वारा तिकडे असेल, तर धुऱ्यालगतची फेरी वारा फिरेपर्यंत मागे ठेवावी.